सर्व्हर सांभाळायला घेतलास ना? मग आधी हे बघ

रुजू झालास त्याच आठवड्यात टॅलीचा आणि शेअर्ड फोल्डरचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर कर आणि फायली उघडून बघ. स्क्रीनवर ‘सक्सेसफुल’ आलं एवढ्यावर विसंबू नकोस. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. कायम जोडून ठेवलेली यूएसबी डिस्क सुरक्षित धरू नको. रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारं सॉफ्टवेअर) आलं की तीही लॉक होते. रेड (RAID, म्हणजे सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं) म्हणजेही बॅकअप नव्हे. डिस्क गेली तर ते वाचवतं, चुकून डिलीट झालेली फाइल परत देत नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सर्व्हरला कूलरचा वारा देऊ नकोस, ओलसर हवा आणि धूळ दोन्ही आत जातात. एसीसाठी साहेबांकडे हट्टच धर. यूपीएसच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांवर धरलेलं असतं. त्यापुढे दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. म्हणून मार्चमध्येच बॅटरी लोडवर तपासून घे. बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपोआप शटडाउन होईल, अशी सेटिंगही कर.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तशा मशीनची यादी काढ. एसएमबी १ (नेटवर्कवर फायली शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) बंद कर. २०१७ चं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्याच वाटेनं पसरलं होतं. त्यामुळे शेअर्ड फोल्डरमध्ये स्कॅन टाकणारा जुना स्कॅनर अडला, तर स्कॅन ईमेलवर पाठवता येतो का बघ. आणि अकाउंटंट काका कितीही मागे लागले तरी रोजच्या लॉगिनला अ‍ॅडमिन राइट्स देऊ नको.