सात दिवसांत इटली: आई-बाबांना घेऊन जाताना काय बघावं, काय खावं?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरमध्ये सात दिवस हातात आहेत, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, आई पक्क्या शाकाहारी, बाबांना मासे प्रिय, आणि यादीत रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान अशी पाच शहरं आहेत. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं इटलीतल्या बोलोन्या शहरात राहिले. त्या काळात माझे आई-बाबा, मावशी आणि सासरची मंडळी येऊन गेली आणि प्रत्येक वेळी मी त्यांना घेऊन हीच शहरं फिरले. त्यावरून सांगते.

आधी यादीतून पिसा आणि मिलान काढा. शहर बदललं की सामान आवरणं, स्टेशन गाठणं, नवी खोली मिळेपर्यंत थांबणं यात अर्धा दिवस जातो, आणि वडीलधारी माणसं त्यानेच जास्त थकतात. मिलानला लिओनार्दोचं 'द लास्ट सपर' बघायचं असेल, तर त्याची तिकिटं फार आधी संपतात आणि आत फक्त पंधरा मिनिटं मिळतात. तिकीट हातात नसेल तर तिकडे वळूच नका. सहा रात्रींपैकी तीन रोमला, दोन फ्लॉरेन्सला, एक व्हेनिसला ठेवा. विमान रोमला उतरणारं आणि व्हेनिसहून निघणारं घ्या, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. वेगवान रेल्वेने रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास, तिथून व्हेनिस सव्वादोन तास. ही तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इटलीत स्वयंपाकघराचं घड्याळ पक्कं असतं. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात चांगल्या हॉटेलांची चूल बंद असते. माझ्या आई-बाबांच्या पहिल्या खेपेला मला हे माहीत होतं, तरी 'अजून एवढं बघून घेऊ' करत रोममध्ये तीन वाजवले. सगळे भुकेने कासावीस झाले होते. मग प्रसिद्ध चौकाच्या तोंडाशीच, दिवसभर उघडं असलेलं, मेन्यूकार्डावर पदार्थांचे फोटो लावलेलं एक हॉटेल दिसलं, तिथे शिरलो. बाबांनी मासा मागवला. दर लिहिला होता तो 'एत्तो'चा, म्हणजे शंभर ग्रॅमचा, आणि ते अक्षर बारीक होतं. एका माशाचे साठ युरो द्यावे लागले. पैशांपेक्षा बाबांना फसवलं गेल्याचं वाईट वाटलं आणि पुढे दोन दिवस ते कुठेही मोकळेपणाने काही मागवेनात. मासा मागवताना दर नगाचा की वजनाचा हे आधी विचाराच.

म्हणून दिवस असा बांधा: सकाळी आठला बाहेर, साडेबाराला जेवायला बसणं, मग खोलीवर जाऊन आडवं होणं, आणि चारनंतर पुन्हा फिरणं. आपल्याकडे दुपारी देवळाचा गाभारा बंद असतो, तशी तिथली अनेक चर्चसुद्धा दुपारी बंद असतात, त्यामुळे काही चुकत नाही.

आणि ही चर्च अजिबात सोडू नका. लोक महागड्या तिकिटांच्या रांगेत उभे राहतात आणि शेजारच्या फुकट चर्चमध्ये डोकावत नाहीत याची मला खरंच हळहळ वाटते. रोममध्ये पिआत्सा नावोनाजवळ सान लुईजी देई फ्रान्चेसी नावाचं चर्च आहे. त्याच्या एका कोपऱ्यात कारावाज्जो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. कोपरा अंधारा असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, आणि काळोखातून एकदम तो उजेडाचा पट्टा, तो बोट दाखवणारा हात समोर येतो. माझी मावशी आयुष्यात कधी चित्रांच्या प्रदर्शनाला गेलेली नाही. तिने तीन वेळा नाणं टाकलं. खिशात सुटी नाणी ठेवा. कोलोसियमपासून पायी जाण्याच्या अंतरावर सान पिएत्रो इन विन्कोली हे चर्च आहे, तिथे मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा आहे, तोही विनातिकीट.

कोलोसियमचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढा. त्यावर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवा. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाचे अवशेष, आणि पॅलाटाइन टेकडीही येते, पण तिथे दगडी, उंचसखल वाट आहे. आईंचे गुडघे दुखत असतील तर फोरम वरून, कॅपिटोल टेकडीच्या मागच्या कठड्यावरून बघा. संध्याकाळच्या उन्हात ते दृश्य खाली उतरून बघण्याइतकंच सुंदर दिसतं. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाला 2023पासून तिकीट आहे, पण ते चुकवू नका. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा 43 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडाची एक सळई नाही, आणि मधोमध आकाशाला उघडं भोक. पाऊस आला तर पाणी थेट आत पडतं आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातं.

व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्यातला शेवटचा रविवार फुकट असतो, पण त्या दिवशीची गर्दी आई-बाबांना झेपणार नाही. शेजारच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे. सकाळी सातला जा, नऊनंतर रांग चौकाला वळसा घालते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आई साडी किंवा पंजाबी ड्रेस घालत असतील तर प्रश्नच नाही, अडवतात ते हाफपँटवाल्या मुलांना.

आता आईंच्या जेवणाचं, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. इटली शाकाहारी माणसाला उपाशी ठेवत नाही, पण काही नावं माहीत हवीत. आमात्रिचाना हा पास्ता दिसतो नुसता टोमॅटोचा, पण त्यात डुकराच्या गालाचं मांस असतं. कार्बोनारा आणि ग्रिचा यांतही तेच. मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचं सूप, पण ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, म्हणून विचारा. उलट पिझ्झावर 'पेपेरोनी' लिहिलं असेल तर घाबरू नका, इटालियनमध्ये ती ढोबळी मिरची असते! रोममध्ये 'नापोलेताना' नावाचा पिझ्झा मात्र टाळा, त्यावर खारवलेले छोटे मासे असतात. नुसतं 'वेजेतारियाना' म्हटलं तर मासा चालतो असा समज होऊ शकतो, म्हणून 'ने कार्ने, ने पेशे' म्हणा, म्हणजे मांसही नको, मासाही नको.

चीजबद्दल आधीच स्पष्ट सांगते. पार्मिजानो वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, बनवतात, आणि रोमचं पेकोरिनोही प्राण्यांच्याच रेनेटने. माझ्या आईला हे कळल्यावर तिने ते बंद केलं. मी तिला कळू दिलं नसतं तर ते मला पटलं नसतं. तुमच्या आईंचं त्यांना ठरवू द्या. नको असेल तर 'सेन्त्सा फोर्माज्जो' म्हणजे चीजशिवाय. त्यात आल्यो-ओल्यो-पेपेरोन्चिनो हा पास्ता येतो: लसूण, ऑलिव्ह तेल आणि लाल मिरची, आपल्या लसणाच्या फोडणीच्या जवळचा. मारिनारा पिझ्झ्यावरही चीज नसतं.

पण आईंचं खरं जेवण मेन्यूच्या 'कोन्तोर्नी' या भागात आहे. तिथे भाज्या असतात. रोममध्ये 'चिकोरिया रिपास्साता' मागवा. कडवट पालेभाजी लसूण-मिरचीवर परतलेली असते. माझी आई पहिला घास खाऊन म्हणाली, "अगं, ही तर मेथीची बहीण." पावाबरोबर दोन वाट्या संपवल्या. फ्लॉरेन्समध्ये पांढऱ्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ मिळते, आणि शिळा पाव, घेवडा व पालेभाजी घालून शिजवलेली रिबोल्लिताही. दोन्ही पोटभरीच्या, पण मांस नाही ना हे इथेही विचारा. तिथला पाव अळणी असतो, बिघडलेला नसतो.

घरून शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी जरूर न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, कारण युरोपीय संघात प्रवाशांच्या सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

फ्लॉरेन्समध्ये उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया ही दोन्ही कलासंग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे तुमचे दोन दिवस त्या हिशेबाने लावा. दोन्ही एका दिवशी नकोत. तिथल्या मुख्य चर्चच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तुम्ही चढा, आई-बाबांना तोवर समोरच्या बाप्तिस्मागृहात बसवा; छतावरच्या सोनेरी मोझाइकची डागडुजी 2023पासून चालू आहे, त्यामुळे ती दिसतील असं मात्र धरून चालू नका. बाबांना वजडी आवडत असेल तर मध्यवर्ती बाजारात लाम्प्रेदोत्तो खायला न्या. गाईचं चौथं जठर शिजवून पावात घालून देतात. गाय चालत नसेल तर अर्थात नाही.

व्हेनिसला एकच रात्र, पण ती बेटावरच काढा. पलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला खोली स्वस्त मिळते, पण दिवसाचे पर्यटक परत गेल्यावर जे शहर उरतं त्यासाठीच तर तिथे जायचं. खोली मात्र व्हापोरेत्तोच्या, म्हणजे पाणबसच्या, थांब्याजवळ घ्या, कारण बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि बॅगा उचलाव्या लागतात. एक नंबरची पाणबस अख्ख्या मोठ्या कालव्यातून सावकाश जाते. सूर्यास्ताला तिच्यात बसलात की महागड्या गोंडोल्यात बसला नाहीत तरी हळहळ वाटणार नाही. सकाळी बाबांना रियाल्तोच्या मासळीबाजारात न्या, रविवार-सोमवार सोडून. आसपासच्या छोट्या बारना 'बाकारो' म्हणतात, तिथे उभ्यानेच चिक्केत्ती म्हणजे चार घासांचे पदार्थ खायचे. 'सार्दे इन साओर' मागा: तळलेली तारली, वर कांदा, व्हिनेगर आणि बेदाणे. माझ्या बाबांनी इथे पुन्हा बिनधास्त मासा मागवला.

बाकी थोडक्यात. कॉफी उभ्याने प्यायली तर सव्वा-दीड युरो, टेबलावर बसलात तर जास्त. फ्लॉरेन्स, व्हेनिसला बिलात 'कोपेर्तो' दिसेल, तो माणशी बसण्याचा आकार असतो, फसवणूक नव्हे. प्रादेशिक, म्हणजे साध्या रेल्वेगाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड होतो. आणि रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या लोखंडी नळांना अखंड थंडगार पिण्याचं पाणी असतं. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, म्हणजे बाबांना वाकावं लागणार नाही.