रिजनल कॅन्सर सेंटरमध्ये क्लिनिकल सर्व्हिसेस मॅनेजरचं काम नक्की काय असतं? ऑफर घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की एमएचए (हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स) झालंय, मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलात ऑपरेशन्सचा थोडा अनुभव आहे, आणि आता एका रिजनल कॅन्सर सेंटरकडून क्लिनिकल सर्व्हिसेस मॅनेजर म्हणून ऑफर आलीय, तर काम काय असतं आणि झेपेल का. मी विदर्भातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात हेच काम करते, त्याआधी तिथेच केमो डेकेअरची इनचार्ज सिस्टर होते, त्यामुळे दोन्हीकडून सांगते.

जनरल हॉस्पिटलात पेशंट येतो, ऑपरेशन होतं, चार दिवसांनी डिस्चार्ज घेऊन घरी जातो. इथे तोच माणूस सहा-सात आठवडे रोज येणार, नाहीतर दर तीन आठवड्यांनी केमोला येणार, आणि मध्येच खंड पडला की आधी घेतलेल्या ट्रीटमेंटवरसुद्धा पाणी पडायला लागतं. त्यामुळे माझ्या मते या पोस्टचं खरं काम एकच, सुरू झालेली ट्रीटमेंट ठरलेल्या वेळेत पूर्ण करून घेणं. ड्युटी लिस्ट, मशीन, औषधं, योजनेचे कागद, डॉक्टर-सिस्टरची भांडणं, सगळं शेवटी याच्यासाठीच. मॅनेजमेंट तुम्हाला ओपीडीचा आकडा आणि बेड किती भरले ते विचारेल, तेही द्या, पण दर महिन्याला स्वतःहून अजून एक आकडा काढत जा, की ज्यांनी सुरुवात केली त्यांतल्या किती जणांचा कोर्स वेळेत पूर्ण झाला आणि जे सुटले ते का सुटले. सेंटर कसं चाललंय हे मला तरी त्याच्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

आमच्याकडे खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या) तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट प्रचंड. त्यांना ३० ते ३५ लाईट (रेडिएशनचे डोस) लागतात, सोमवार ते शुक्रवार रोज एक. कोर्स लांबला तर वाढलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहायची शक्यता साधारण टक्काभर किंवा थोडी जास्तच घसरते, हे बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसलेलं आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही बाहेरून लाईट आणि आतून ब्रेकी (ब्रेकीथेरपी, शरीरात सोर्स ठेवून दिलेलं रेडिएशन) मिळून सगळं ८ आठवड्यांत संपलं पाहिजे. आता हे पेशंट कोण, तर शेतमजूर, कापूस वेचणाऱ्या बाया, घरात कमावणारा एकच माणूस. पोळा आला, सोयाबीन काढायला आलं, राहायचे पैसे संपले, किंवा अर्ध्यातच बरं वाटायला लागलं, की गाडी गावाकडे वळते.

लिनॅकच्या (बाहेरून लाईट देणाऱ्या मशीनच्या) रूममध्ये एका रॅकवर लाईट घेताना डोकं हलू नये म्हणून घालायचे पेशंटचे मास्क लावलेले असतात, चेहऱ्याच्या मापाचे, जाळीचे, प्रत्येकावर टेपने नाव आणि नंबर. दुपारी चारच्या सुमारास मी तिथे एक चक्कर मारतेच आणि टेक्निशियनला विचारते, आज कुठला मास्क खाली उतरलाच नाही. एका सोमवारी यवतमाळकडच्या एका काकांचा मास्क तसाच होता. फोन लावला तर मुलगा म्हणाला, बाबांचं तोंड आतून पूर्ण सोललंय, पाणीसुद्धा गिळवत नाही, ते म्हणतात या लाईटनेच मरतो मी, आता नाही जायचं. हा काही हट्ट नव्हता, माणूस उपाशी होता. आमच्या सोशल वर्करने मुलाला नीट समजावलं, दुसऱ्या दिवशी काकांना आणलं, नाकातून नळी टाकली, डाएटिशियनने घरी करता येईल असं पातळ खाणं लिहून दिलं, दुखायचं औषध वाढवलं, धर्मशाळेत खोली मिळवून दिली, आणि बुडालेला डोस डॉक्टर आणि फिजिसिस्टने (रेडिएशनचं गणित बघणाऱ्याने) एके दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा लाईट देऊन भरून काढला, मध्ये कमीत कमी सहा तासांचं अंतर ठेवून. कोर्स वेळेत संपला. यात माझं काम एवढंच की कोण आलं नाही हे त्याच दिवशी कळलं पाहिजे आणि फोन त्याच दिवशी गेला पाहिजे, आणि तो फोन कोणी करायचा हे एका माणसाच्या नावाने ठरलेलं पाहिजे, नाहीतर टेक्निशियनला वाटतं सोशल वर्कर करेल आणि सोशल वर्करला वाटतं ओपीडीवाले करतील.

मशीनचं म्हणाल तर सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी रोज चेकिंग होतं, ते फिजिसिस्ट आणि टेक्निशियन करतात, तिथे घाई करायला कोणालाही सांगू नका, बाहेर कितीही गर्दी असो. मशीन बंद पडणारच. बरेचदा कारण साधं असतं, चिलर, एसी, विजेचा दाब. पार्ट मुंबईहून यायला दोन दिवस लागले तर कोणाला दुसऱ्या मशीनवर हलवायचं, कोण दोन दिवस थांबू शकतं, ही यादी मशीन चालू असतानाच कन्सल्टंटकडून करून घ्या, तोंडाचे आणि गर्भाशयमुखाचे आधी, ज्यांना थांबून चालतं ते नंतर. ऐनवेळी ठरवायला गेलात तर ज्याचा आवाज मोठा किंवा ओळख मोठी त्याचा नंबर लागतो. ब्रेकीच्या इरिडियम सोर्सचंही तसंच, त्याचं हाफ लाईफ (ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ) ७४ दिवस, म्हणजे तीन-चार महिन्यांनी बदलावाच लागतो, ऑर्डर आणि एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीचे कागद महिनाभर आधी हलवले नाहीत तर एकेका पेशंटला लागणारा वेळ वाढत जातो आणि शेवटी लिस्टच थांबते. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर जे सांगेल ते शेवटचं. टीएलडी बॅज (स्टाफला किती रेडिएशन लागलं ते मोजणारे) दर तीन महिन्यांनी तपासायला जातात, कोणाचा बॅज ड्रॉवरमध्ये पडलाय ते अधूनमधून स्वतः बघा. मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची आहे, पण बॅज लावलाच नाही तर कळणार कसं.

आता डेकेअर, हा माझा जीव की प्राण. सकाळी आठला खुर्च्या भरायला लागतात, रक्ताचे रिपोर्ट येतात, पेशी कमी असतील त्यांना परत पाठवावं लागतं, तेव्हा शंभर किलोमीटरवरून एसटीने आलेल्या बाईचा चेहरा बघवत नाही. म्हणून आम्ही रक्ताची तपासणी आदल्या दिवशी गावाजवळच्या लॅबमध्ये करून व्हॉट्सअपवर रिपोर्ट मागवायला सुरुवात केली, जिथे जमतं तिथे. वजन-उंची दर सायकलला परत घ्यायची, मागच्या फाईलवरून उतरवायची नाही, कारण डोस त्यावरून काढतात आणि आमचे पेशंट महिन्यात पाच-सात किलो उतरलेले असतात. औषध चढवायच्या आधी दोन सिस्टर मोठ्याने वाचतात, नाव, नंबर, औषध, डोस, कुठून द्यायचं. विनक्रिस्टिन नावाचं औषध शिरेतून दिलं तर लहान मुलांचा ब्लड कॅन्सर बरा करायला मदत करतं आणि चुकून पाठीच्या मणक्यातून गेलं तर जीवच घेतं, म्हणून ते सिरिंजमध्ये भरायचंच नाही, छोट्या सलाईनच्या बॅगेतूनच द्यायचं, डब्ल्यूएचओ सुद्धा हेच सांगतं. असे नियम भिंतीवर चिकटवून चालत नाहीत, फार्मसीतून सिरिंज बाहेरच येणार नाही अशी सोय करावी लागते.

आणि याच्याही वरचं म्हणजे सिस्टरने थांबवलं तर थांबलं पाहिजे. नवी पोरगी, जेमतेम वर्षभराचा अनुभव, सिनियर कन्सल्टंटला फोन करून विचारते की सर डोस जास्त वाटतोय, आणि पलीकडून खेकसणं येतं, की संपलं, पुढच्या वेळी ती विचारणार नाही आणि तिचं बघून बाकीच्याही विचारणार नाहीत. तुम्ही त्या दिवशी, त्याच दिवशी, डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन शांतपणे बोललं पाहिजे. डोस बरोबर निघाला तरीही. बहुतेक डॉक्टर ऐकतात, त्यांनाही चूक नकोच असते, फक्त ओपीडीत ऐंशी माणसं बाहेर बसलेली असतात. वाईटपणा घ्यायची तयारी नसेल तर ही पोस्ट खरंच घेऊ नका.

स्टाफ टिकवणं हे सगळ्यात अवघड. केमोचं काम शिकायला सिस्टरला कित्येक महिने जातात, आणि ती तयार झाली की सरकारी भरती निघते किंवा पुण्या-हैदराबादहून फोन येतो किंवा ती परदेशाची परीक्षा देते. तिला दोष देऊ नका, दुप्पट पगार कोण सोडेल. आपल्या हातात काय, तर ड्युटी लिस्ट महिना सुरू व्हायच्या आधी लावणं, ठरलेला ऑफ न कापणं, डबल ड्युटीचे पैसे त्याच महिन्यात देणं, आणि प्रत्येक जागेला दोन तरी माणसं तयार ठेवणं. प्रेग्नंट सिस्टरला केमो बनवायला किंवा ब्रेकीला लावायचं नाही, आणि ती सांगायला घाबरणार नाही असं वातावरण पाहिजे, कारण पहिले तीन महिने कोणी सांगत नाही आणि धोका तेव्हाच जास्त असतो. मावशी आणि मामा लोकांनाही हेच, केमोचे डबे-बाटल्या तेच उचलतात, त्यांना ग्लोव्ह्ज कुठले घालायचे हे कोणी शिकवलेलं नसतं.

लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर्सकडे वेगळं लक्ष द्या. आठ-आठ महिने ओळखीचं झालेलं पोर जातं आणि त्याच शिफ्टमध्ये बाजूच्या बेडला सलाईन लावायचं असतं. आम्ही अशा वेळी तिला तासभर मोकळं करतो, दुसऱ्या वॉर्डातून कोणाला तरी आणून, चहा घेऊ दे, रडू दे. त्यासाठी वेगळं बजेट लागत नाही, फक्त कोणाला आणायचं हे आधी ठरलेलं लागतं.

योजनेचं थोडक्यात, महात्मा फुले योजनेत प्रीऑथची (ट्रीटमेंटच्या आधी घ्यायच्या मंजुरीची) क्वेरी आली की ट्रीटमेंट अडते, म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) बघून घ्या, आणि आरोग्यमित्राला स्वतःच्या टीमचा माणूस समजा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलनेच भरून द्यायचा असतो, तो पेशंट मागायच्या आधी द्या.

रात्रीची कॅज्युअल्टी लोक विसरतात. केमो झालेल्या पेशंटला १०१ ताप म्हणजे इमर्जन्सी, तासाभरात अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, रिपोर्टची वाट न बघता. नाईटच्या आरएमओला (ड्युटी डॉक्टरला) आणि गेटवरच्या माणसालाही हे माहीत हवं. आणि मॉर्फिन, म्हणजे जबर दुखण्यावरचं औषध. २०१४ मध्ये एनडीपीएस (अंमली पदार्थांचा) कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्था आणि प्रशिक्षित डॉक्टर असेल तर गोळ्या ठेवता येतात, पण रजिस्टरच्या भीतीने बरीच हॉस्पिटलं ठेवतच नाहीत आणि पेशंट कळा सोसत बसतो. तुम्ही जिथे जाल तिथे हे पहिलं विचारा.

डॉक्टर कमी असतील तर घाबरू नका, २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड (कॅन्सर सेंटरांचं जाळं) आहे, टाटा मेमोरियल ते चालवतं, अवघड केस व्हर्च्युअल ट्यूमर बोर्डवर (तज्ज्ञ डॉक्टरांच्या ऑनलाइन बैठकीत) मांडता येते आणि गाईडलाईन्स तयार मिळतात. तुमचं सेंटर त्यात नसेल तर आत आणायचा प्रयत्न करा.

तर ऑफर घ्या, पण सही करायच्या आधी एक पूर्ण दिवस तिथे काढू द्या म्हणून सांगा, सकाळी आठला डेकेअर आणि चारला लिनॅक. कायम फिजिसिस्ट किती, गेल्या वर्षी मशीन किती दिवस बंद होतं, किती सिस्टर सोडून गेल्या, हे एचआरला न विचारता इनचार्ज सिस्टरला विचारा. आणि ऑफर लेटरमध्ये हे स्पष्ट लिहून घ्या की ड्युटी लिस्ट आणि स्टाफच्या बदल्या तुमच्या सहीने होतील, कारण ते नसेल तर वर लिहिलेल्यातलं निम्मं तुम्हाला करताच येणार नाही.