रिमोट त्यांच्या हातात द्या

रावेरकडच्या एका ताईंचं पत्र आहे. लग्नाला सोळा वर्षं, मुलगी आठवीत, घरची केळीबाग. एका रात्री नवरा-बायकोनं असगर फरहादींचा 'अ सेपरेशन' (२०११) हा इराणी सिनेमा पाहिला. सिमीनला मुलीच्या भल्यासाठी देश सोडायचाय, नादेरला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना टाकून जायचं नाही. ताई म्हणाल्या, चूक नादेरची. यजमान म्हणाले, सिमीनची. त्यावरून घरात वाजलं आणि आज अकरा दिवस अबोला आहे. बोलणं होतं ते मुलीमार्फत: "पप्पांना सांग, डबा भरलाय." ताई विचारतात, जास्त चूक कोणाची ते तुम्हीच सांगा.

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य लिहून पुढे निघून गेलात. "मुलगी म्हणते, पप्पांनी हा सिनेमा आधी शेतातल्या खोलीत मोबाइलवर पाहिला होता."

मी तिथून पुढे सरकले नाही. रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी सोडून माणूस खोलीत जागा बसलाय, भाषा फारसी, खालची बारीक अक्षरं वाचत १२३ मिनिटं काढतोय. आणि मग घरी येऊन तेवढीच १२३ मिनिटं पुन्हा, तुमच्या शेजारी. त्यांना तुम्हाला काहीतरी दाखवायचं होतं, ताई. तुम्ही सिनेमा संपल्या संपल्या निकाल देऊन मोकळ्या झालात. मला तुमचा राग आला. त्यांनीही तोंड उघडायला हवं होतं, सोळा वर्षांच्या बायकोशी बोलायला इराणचा सिनेमा मध्ये का लागावा? पण पत्र तुमचं आहे, म्हणून तुम्हालाच सांगते.

पहिला प्रसंग आठवा. दोघं आपल्याकडे तोंड करून न्यायाधीशाशी बोलतात. न्यायाधीश दिसत नाही, नुसता आवाज. कॅमेरा त्याच्या जागी आहे, म्हणजे त्या खुर्चीत आपण. आपल्याला तिथं बसवून फरहादी महत्त्वाची गोष्टच लपवतात. म्हाताऱ्याला सांभाळणारी गरोदर राझिये त्याच्यामागे रस्त्यावर धावते आणि नेमकं तिथंच दृश्य तोडलंय. तिला गाडीनं उडवलं हे फार उशिरा कळतं. तोवर बघणाऱ्यांचा निकाल ठरलेला असतो, तुमचा ठरला तसाच.

आता पैशांचं घ्या. सुरुवातीला पियानो हलवणारे हमाल जास्तीचे पैसे मागतात, सिमीन ड्रॉवरमधून काढून देते आणि नवऱ्याला सांगत नाही. पुढे नादेरला पैसे कमी दिसतात. तो बायकोला फोन करून विचारत नाही, राझियेवर चोरीचा आळ घेतो, तिला दाराबाहेर ढकलतो. तिचं पोटातलं मूल जातं, ठपका त्या धक्क्यावर येतो, तिथून पोलीस आणि कोर्ट. तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. दोन्ही झालं म्हणून एवढं वाढलं. नुसत्या नादेरच्या स्वभावावर हे ढकलता येत नाही. तुमच्या घरीही तेच चाललंय. त्यांनी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही.

म्हणून विचारा. एवढंच करायचंय, पण नीट करा.

शेतीची थ्री फेज वीज दिवसाची असेल तो आठवडा निवडा, तेव्हा ते रात्री घरी असतात. मुलीला त्या रात्री आजोळी नाहीतर आत्याकडे पाठवा. जेवणं उरकली, भांडी घासून झाली की सिनेमा लावा, रिमोट त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "तुम्हाला मला कुठली जागा दाखवायची होती?" 'का' हा शब्द त्या रात्री नको. 'का दाखवला' म्हटलं की माणूस बचाव मांडायला लागतो, 'कुठली जागा' म्हटलं की शोधायला लागतो. ते पुढे-मागे करतील, चुकीच्या ठिकाणी थांबतील, 'काही नाही, जाऊ दे' म्हणतील. तेव्हा उठून ओटा पुसायला जाऊ नका. बसून राहा.

जागा सापडली की सिनेमा बंद करायचा. हे विसरलात तर पाच मिनिटांत तुम्ही पुन्हा सिमीनच्या तोंडून आणि ते नादेरच्या तोंडून भांडायला लागाल. तिथून पुढे तुम्ही आणि ते, आणि नावं तुमचीच. त्या जागेत तुमची चूक दिसली तर पुरतं ऐकून घ्या. तुमची बाजू दुसऱ्या दिवशी मांडा. कदाचित ते स्वतःचीच चूक दाखवतील. गप्प माणसं असं आडून कबूल करतात.

मुलीला मध्ये घालणं मात्र त्या रात्रीची वाट न बघता थांबवा. सिनेमातली तेरमे ११ वर्षांची आहे. बापाला वाचवायला ती न्यायाधीशापुढे खोटं बोलते, आणि शेवटी आई की बाप हेही तिलाच सांगायला लावतात. तुमच्या मुलीनं पप्पांनी आधी सिनेमा पाहिल्याचं तुम्हाला आपणहून सांगितलं. त्यांना जे बोलता आलं नाही, ते ती पोचवत होती. ते काम तिच्याकडून काढून घ्या. उद्या सकाळी डबा तुम्ही स्वतः त्यांच्या हातात द्या, नावानं हाक मारून नाहीतर 'अहो' म्हणून, पण मुलीला मध्ये न घालता.