जुन्या ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन करतोय, वायरिंग सुरक्षित कशी करू?

धुळ्याच्या भाऊंनी विचारलंय: जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसमध्ये सोलर, लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवायचाय. फ्रिज, पंखा, इंडक्शन चालवायचं, तोरणमाळ आणि सारंगखेड्याची यात्रा करायची. बायको-मुलं आत झोपणार, मग आगीची भीती कशी घालवायची?

भुसावळात माझं सोलरचं आणि गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे, त्या अनुभवावरून सांगतो. सगळे आधी पॅनल किती वॅटचं घेऊ ते विचारतात. गाडी पॅनलमुळे पेटत नाही. पेटते ती बारीक वायर, ढिला लग (वायरच्या टोकाला बसवतात तो धातूचा तुकडा) आणि नसलेला फ्यूज यांच्यामुळे. आपल्याकडे त्यात ऊन भर घालतं.

घरच्या फिटिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंत तापलेली सोसते, आणि तिच्यावरचे अँपिअर भोवतीची हवा ३० अंश धरून काढलेले असतात. ४५ अंशांत तीच वायर जेमतेम ७९ टक्के भार घेते, ६० अंशांत निम्मा. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या छताच्या पत्र्यामागे ६० अंश व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पुण्या-बंगळूरच्या व्हिडिओत सांगितलेला गेज, म्हणजे वायरची जाडी, इकडे एक पायरी वर न्या. छतातून खाली येणारी वायर सोलर केबलच हवी, तिचं आवरण ९० अंशांच्या वरचं असतं. वायर पत्र्यातून जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (गोल कडं) घाला. घाटात गाडी हलते, पत्र्याची धार आवरण कापते आणि शॉर्ट होतो.

आता बॅटरी. १२ व्होल्टवर १००० वॅटचा इन्व्हर्टर म्हणजे ८३ अँपिअर, त्याचा स्वतःचा लॉस धरला तर शंभराच्या आसपास. मुख्य फ्यूज १२५ अँपिअरचा, प्लसच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरला कोणीच वाली नसतो, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर फेकते. गाडीच्या साऊंड सिस्टिमचा स्वस्त फ्यूज तिथे उडतो खरा, पण आतली ठिणगी विझत नाही. डीसी (बॅटरीची एकाच दिशेने वाहणारी वीज) व्होल्टेज छापलेला एचआरसी फ्यूज घ्या, तो मोठा शॉर्टही नीट तोडतो. केबल ३५ स्क्वेअर एमएमची चालते असं सांगणारे भेटतील, तुम्ही ५० ची टाका. घरातला एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसीवर लावू नका. घरच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्यातली ठिणगी तुटते. डीसीत तो शून्यावर येतच नाही.

लग पकडीने चेपून चालत नाही. हायड्रॉलिक क्रिम्पिंगवाल्याकडून दाबून घ्या, मग दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. सुटला तर बरंच झालं, गाडीत सुटला असता. सगळं जोडल्यावर अर्धा तास पूर्ण लोड द्या, इन्व्हर्टर बंद करा आणि एकेका जोडावर हात फिरवा. बाकीचे कोमट आणि एकच चटका देतोय, तर तो खोला. लगाजवळचं आवरण तपकिरी होऊन आक्रसलं असेल, तर तो जोड बरेच दिवस तापतोय असं समजा.

बॅटरी खाली फरशीवर, सीटखाली, हवा खेळेल अशी ठेवा आणि पट्ट्याने आवळा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. भर दुपारी ऊन कडक असताना बीएमएस (बॅटरीतलं तिला सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडतो आणि लोक पॅनलला शिव्या देतात. पॅनल छतापासून दोन-तीन इंच वर बसवा. त्याला खालून हवा मिळते, आणि त्याच्या सावलीने गाडीही कमी तापते.

हिशोब असा: ४५ लिटरचा १२ व्होल्ट फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ५००-६०० वॅट-अवर खातो, रात्रभर पंखा अडीचशे, दिवे, मोबाइल आणि लॅपटॉप मिळून दोनशे. म्हणजे हजारच्या आसपास. ३३० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात तेवढं देतं. १०० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी १२८० वॅट-अवर ठेवते. पावसाळ्यात फिरायचं तर २०० ची घ्या. इंडक्शन सोडून द्या. त्याच्या एका शेगडीसाठी केबल, फ्यूज, इन्व्हर्टर सगळं दुप्पट होतं. शिवाय भरताची वांगी इंडक्शनवर भाजणार आहात का? गाडीबाहेर पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) पेटवा. एअर कंडिशनरपेक्षा डीसी कूलर बरा, आपली हवा कोरडी आहे.

माझं ठाम मत: पंखा, दिवे, फ्रिज थेट १२ व्होल्टवर चालवा आणि झोपताना इन्व्हर्टर बंद. मुलं झोपलेल्या जागी २३० व्होल्ट नकोतच. दिवसा लागतील तेव्हा ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) हवी, पण इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले नसतील तर ती ट्रिप होईलच असं नाही. मॅन्युअलमध्ये बघा, मनाने जोडू नका, काही इन्व्हर्टर त्याने जळतात.

डायनामोवरून चार्ज करायचं तर मध्ये डीसी-डीसी चार्जर (चार्जिंगचा प्रवाह आवरणारा) हवाच. लिथियमला थेट जोडलं की डायनामो सारखा पूर्ण भाराने चालून तापतो. एमपीपीटीला (सोलरचा चार्ज कंट्रोलर) आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना उलट क्रम.

यात्रेत शेजारच्या दुकानाच्या जनरेटरवरून वायर ओढायचा मोह होईल. ओढलीच तर ती आरसीसीबीमधूनच आत घ्या. आणि सीट काढून पलंग, कपाटं करण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतले बदल आरसीवर चढवावे लागतात, नाहीतर क्लेमच्या वेळी विमावाले तेच पुढे करतात.