बाँडपट (जेम्स बाँड या काल्पनिक गुप्तहेराचे चित्रपट) नव्याने पाहू लागलेल्यांसाठी

जळगावच्या आपल्या चित्रपटप्रेमी मंडळात 'खरा बाँड कोणता' हा वाद तुमच्या कानावर आलाच असेल. त्यात लगेच बाजू घेऊ नका. आधी १९६४ चा 'गोल्डफिंगर', १९७९ चा 'मूनरेकर' आणि २००६ चा 'कॅसिनो रॉयल' एवढे तीनच चित्रपट, याच क्रमाने आणि पूर्ण पाहा.

'मूनरेकर'मधील बाँड रॉजर मूर यांचा खेळकरपणा आणि 'कॅसिनो रॉयल'मधील बाँड डॅनियल क्रेग यांचे गांभीर्य यांपैकी एकाला अस्सल व दुसऱ्याला बिघाड ठरवणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. कारण 'मूनरेकर'मधील अंतराळातल्या करामतींनंतर, मूर हेच नायक असताना, १९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'ने मालिका पुन्हा वास्तवाकडे वळवली होती. केवळ मारामारीचे तुकडे मोबाईलवर पाहून मतही बनवू नका.

बाँड साकारणारे आणखी एक अभिनेते टिमोथी डाल्टन यांचे दोन्ही बाँडपट मला फार मोलाचे वाटतात, पण ते नंतर पाहा.