अर्जुनसाल घेतली की गोळ्या सुटतात का?

प्रश्न: वडलांना स्टेंट टाकलाय, शेजारचे काका म्हणतायत अर्जुनसालीचा क्षीरपाक (साल दुधात उकळून केलेला काढा) घ्या, गोळ्यांची गरजच नाही. खरंय का हो?

उत्तर: सालीबद्दल काकांचं अगदीच चूक नाहीये, पण गोळ्यांची गरज नाही हे मात्र चूक, सालीत अर्जुनोलिक अ‍ॅसिड नि फ्लेव्होनॉइड्स ही वनस्पतींतली द्रव्यं असतात, आणि उंदरांना आयसोप्रोटेरेनॉल नावाचं औषध टोचून हृदयाला मुद्दाम इजा करतात ना, त्याआधी हे अ‍ॅसिड दिलं तर इजा कमी होते असं दिसलंय. पण तो उंदीर, प्रयोगशाळेतला! माणसांवरच्या ट्रायल्स छोट्या, त्यातही बऱ्याच जणांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या. स्टेंटवाल्यांनी रक्ताची गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन मनानेच बंद केलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो, तेव्हा गोळ्या अजिबात सोडू नका. साल घ्यायचीच असेल तर आधी कार्डिओलॉजिस्टला विचारा, बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर तेही सांगा.