सुराला सूट नाही

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. तुझा नव्हे. आपल्या चर्चच्या गाण्याच्या केंद्राच्या कमिटीतल्या ज्या कोणी तुला सांगितलं ना, ‘अगं, वस्तीतलं लेकरू आहे, गातंय हेच पुष्कळ, सुराचं काय घेऊन बसलीस?’, त्यांचा. आणि त्यावर तू मला विचारतेस, ‘मावशी, आपण सेवा करतोय की गाण्याचा क्लास चालवतोय?’

हा प्रश्नच मला पटत नाही. सेवा एकीकडे आणि गाणं दुसरीकडे, ही वाटणी केली कुणी? जिच्या सुराबद्दल तू लिहिलंस ती अकरा वर्षांची मुलगी दर शनिवारी चालत येते, दोन तास सतरंजीवर बसते. तिला नीट गायला शिकवलंस तर ती सेवा. बेसूर गाऊ दिलंस आणि वर कौतुक केलंस, तर त्याला काय म्हणायचं ते तूच ठरव. तूही त्याच सतरंजीवरून उठून शिकवायला बसली आहेस. तुला मी कधी सूट दिली होती का?

सुराला सूट नाही. हे मला एका मुलामुळे कळलं, आणि त्याची किंमत त्याने मोजली.

केंद्र सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, वडील भंगार गोळा करायचे. पखवाज शिकायला यायचा. हात गोड होता, पण बैठक नव्हती. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या बाजूला, कणीक लावायला त्याला फार आवडायचं. भिजवलेला गोळा मधोमध थापायचा, हात मारून बघायचा, आवाज फार जड झाला की बोटाने थोडी कणीक काढायची आणि पुन्हा ऐकायचं. शाईची बाजू पेटीशी जुळवायची म्हटलं की मात्र कंटाळा. हातोडीने कडेवर ठोकत फिरायचं, वादीखालचे लाकडी गट्टे खालीवर करायचे, सगळ्या बाजूंनी एकच सूर येईपर्यंत थांबायचं. त्यात कधी कधी अर्धा तास जातो. मी त्याला थांबायला लावलं नाही. नाताळ आठ दिवसांवर आला होता, बाहेरचे पाहुणे येणार होते, आणि मला वाटलं, असू दे, गरिबाचं पोर, एवढं तरी करतंय. पखवाज मीच लावून दिला. त्याने भजनी ठेका धरला, दुगुनीत, दुप्पट लयीत, घसरला, कसाबसा समेवर आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. त्या टाळ्या त्याच्या शर्टाला होत्या, पखवाजाला नव्हत्या. मला ते तिथल्या तिथे कळलं होतं आणि मी गप्प बसले.

दोन महिन्यांनी तो एका भजनी मंडळाकडे गेला, मी वाजवतो म्हणाला. त्यांना तो कुठला, कुणाचा, काही ठाऊक नव्हतं. त्यांनी उतरलेला पखवाज पुढे केला आणि म्हणाले, लाव. त्याला लावता येईना. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. आत आला नाही, चपला काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाला, ‘मावशी, मला येत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?’

त्यानंतर तो आला नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. मी दोनदा वस्तीत जाऊन आले, घर बदललं होतं.

म्हणून मला ‘चालतंय’ हा शब्द सहन होत नाही. कमिटीतले लोक तुला बायबलमधल्या गरीब विधवेने दान टाकलेल्या दोन टोल्यांची, दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट सांगतील, सांगितलीही असेल. प्रभूने थोडक्याचं मोल जास्त मानलं, मग आपण कोण सूर मोजणारे? ती गोष्ट त्यांना पुन्हा वाचायला सांग. तिने होतं नव्हतं ते सगळं टाकलं. अर्धवट तालमीवर मंचावर चढणं म्हणजे दोन टोल्या नव्हेत, ते खिशात शिल्लक ठेवून टाकलेलं दान आहे. आणि त्या मुलीने हात आखडलेला नाहीच, आखडला आहे तिला शिकवणाऱ्यांनी. बायबलातल्या निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो ते कशासाठी? सोन्याचांदीचं काम, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीवकाम यासाठी. हाताचं कसब त्याला इतकं मोलाचं वाटलं. आपण मात्र वस्तीतली मुलं म्हटली की कसब बाजूला ठेवतो आणि भावना तेवढी पुढे करतो.

चोखोबांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही. ते देऊळ अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. पण ज्ञानोबा-नामदेवांच्या अभंगाचा जो छंद, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, तोच चोखोबांच्या अभंगाचा, तोच त्यांच्या पत्नी सोयराबाईंच्या अभंगाचा. दाराबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी वेगळा, सोपा छंद कुणी काढला नव्हता आणि त्यांनी मागितलाही नव्हता. म्हणून आज आत-बाहेर सगळीकडे तो अभंग गायला जातो. दयेने चालवून घेतलेलं असतं तर इतकी शतकं टिकलं असतं का?

तू आणखी एक लिहिलं आहेस. बाहेरचे विचारतात, गाण्याच्या आडून धर्म शिकवता का, आणि आपल्यातलेच काही म्हणतात, चर्चच्या हॉलमध्ये पखवाज-टाळ कशाला. दोन्हींवर जास्त वेळ घालवू नकोस. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा मराठी कवितेत त्यांचा हात आधीच बसलेला होता. तोच हात घेऊन ते आले आणि प्रभूची भजनं, अभंग लिहिले. चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली म्हणून गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि चित्रं काढत राहिले. त्याआधी शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून आले होते. दोघांची श्रद्धा टीका करणाऱ्यांनाही दिसत होती, पण कामाला कच्चं कुणी म्हणू शकलं नाही. बाहेरच्यांच्या प्रश्नालाही माझं उत्तर हेच. कच्चं शिकवून माणूस आपल्या दाराशी बांधून ठेवला, तर ते आमिष. पक्कं शिकवलं, की ते त्याचं झालं. तो ते देवळात नेईल, दर्ग्यात नेईल, लग्नाच्या बँडमध्ये नेईल. नेऊ दे.

नाटकाचंही बघ एकदा. मला कळलं की यंदाही नाताळच्या नाटकात वस्तीतली सगळी मुलं मेंढपाळ आणि मेंढरं आहेत, आणि मरिया मात्र चर्चच्या पंचांच्या घरातली. का? आणि महिला गटाकडून पाहुण्यांसमोर त्यांच्याच घरच्या मारहाणीचं पथनाट्य करून घेता, ते का? ती बाई रोज ते भोगते, तिला तेच पुन्हा मंचावर भोगायला लावायचं आणि त्याला अभिनय म्हणायचं? तिला हेरोद राजा दे. दोन महिने आवाज घुमवायला शिकव, सिंहासनावर बसायला शिकव. आमच्या गटात धुणंभांडी करणाऱ्या एका बाईने येशूला क्रुसावर द्यायला सोपवणारा सुभेदार पिलात केला होता. हात धुण्याचा प्रसंग ती इतका सावकाश करायची, एकेक बोट वेगळं धुवायची, की हॉलमध्ये कुणी खोकत नसे. तिची कीव कुणाला आली नाही. भीती वाटली. मला ते हवं होतं.

आता तू म्हणशील, मावशी, तुमच्या या हट्टापायी माणसं तुटली. तुटली. ज्या वर्षी तयारी झाली नव्हती त्या वर्षी मी कार्यक्रम रद्द केला, निमंत्रणं वाटून झाली होती तरी. ‘बाईंना प्रभूपेक्षा पेटी प्यारी’ असं माझ्या पाठीमागे म्हटलं गेलं. दोघी आयांनी मुली काढून घेतल्या. एका देणगीदाराने पुढच्या वर्षीचे पैसे दिले नाहीत, त्या वर्षी सहा महिने आम्ही फुटक्या भात्याच्या पेटीवर शिकवलं. तरी सांगते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा रद्द करेन. त्या वर्षीच्या अठरा मुलांतले सात जण पुढे कुठे ना कुठे गातात, वाजवतात, आणि कुणाच्या दयेवर नाही. मी चुकले असते तर हे झालं असतं का?

पण एक चुकलं, ते तुला सांगितलं पाहिजे. कार्यक्रम रद्द झाल्याचं मी कमिटीला सांगितलं, पाहुण्यांना कळवलं, मुलांना सांगितलं नाही. वाटलं, कळेल त्यांना. संध्याकाळी सहाला मुलं हॉलच्या बंद दारापाशी उभी होती. तेल लावून चापून बसवलेले केस, इस्त्रीचे कपडे. एकीच्या फ्रॉकवर इस्त्रीचा करपलेला डाग होता, आईने शेजारून इस्त्री मागून आणून घाईघाईत फिरवली असणार. ती डागावर हात ठेवून उभी होती. तिला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

आता तुझ्या मुलीबद्दल. तू लिहितेस की ध्रुवपदात ती बरोबर असते आणि कडव्यात वर गेली की उतरते. मग तिचा कान चांगला आहे, पोरी! कान वाईट असता तर ध्रुवपदातच ढळली असती. गायन मंडळ अजून काळी पाचमध्येच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरूनच, गातं ना? ती पट्टी मोठ्या बायकांच्या गळ्याला बघून मीच ठरवली होती. तिथून वरचा सा आणि त्यावरचा गंधार या मुलीच्या गळ्याला झेपत नसणार. ओढून नेते आणि खाली पडते. तिला एकटीला त्याहून खालच्या काळी तीनमध्ये गाऊन बघायला सांग. पट्टी तिच्या गळ्याची घे, हवी तेवढी खाली आण, त्यात काही कमीपणा नाही. पट्टी खाली आणली म्हणजे सूट दिली असं होत नाही. त्या पट्टीत मात्र सूर सुराच्याच जागी लागला पाहिजे.

येत्या शनिवारी बाकीचे यायच्या आधी अर्धा तास तिला बोलाव. भाता हलका चालव. नुसता सा लावू दे, शब्द नकोत. पेटी मध्येच थांबव आणि ती एकटी तिथेच उभी राहते का ऐक. मग वरचा सा. मग कडव्याची पहिली ओळ. घाई करू नकोस आणि ‘छान’ म्हणू नकोस, छान झाल्याशिवाय.

नाताळला अजून सात आठवडे आहेत, बहुधा पुरतील. नाही पुरले तर ती ईस्टरला गाईल. पण तसं ठरलं तर तिला आणि तिच्या आईला तू स्वतः घरी जाऊन सांग, कपड्यांना इस्त्री व्हायच्या आधी.

तुझी,
मावशी